झोपेतली शिकवणी

आसावरी : बाबा, रात्री माझ्या पलंगाखालून तुम्ही कुणाशी बोलता?

बाबा : काय?

आसावरी : ऐकू आलं नाही की ऐकायचं नाहीये? पुन्हा विचारते. रात्री, मी झोपल्यावर, माझ्या पलंगाखालून—

बाबा : अगं, पोह्यांचा घास तरी गिळू दे. सुचेता, पाणी!

आई : तांब्या तुमच्या हाताशीच आहे.

बाबा : पलंगाखाली? मी? हे पोट घेऊन? मागे तुझी चप्पल काढायला वाकलो होतो, तर तुम्ही दोघींनी पाय धरून मला बाहेर ओढलं होतं.

आसावरी : विनोद नको. मी पैज लावून आलेय. काल संध्याकाळी, बेकरीसमोर, चौघींच्या देखत. भव्या म्हणाली, दम असेल तर बाबांना विचारून दाखव. नाही विचारलं तर महिनाभर सगळ्यांचे खारा बन माझ्याकडे. विचारलं तर त्यांच्याकडून मला. तेव्हा बन मी जिंकलेच आहेत. आता फक्त उत्तर पाहिजे.

बाबा : भव्या म्हणजे ती चामराजपेटची? नरसिंगराव टेलरांची?

आसावरी : तीच. शुक्रवारी रात्री इथे राहिली नव्हती का? मी पडल्या पडल्या झोपले. तिला नवी जागा, झोप येईना. तर तिला कॉटखालून आवाज आला. तिच्याच शब्दांत सांगू? "अय्यो आसावरी, कोण तरी गंडसू बोलत होते की गे, स्वल्प स्वल्प आवाजात, तुझं नाव घेऊन! मी तर पांघरूण डोक्यावरनं ओढून घेतले." गंडसू म्हणजे कानडीत पुरुष, आई.

आई : चार वर्षं झाली मला इथे. गंडसू कळतो.

आसावरी : आधी गंडसू बोलला, मग बाई बोलली म्हणे. बाईचं तिनं मागून जोडलं असणार. गोष्ट वाढवून सांगायची तिला सवयच आहे.

आई : बाई?

आसावरी : बाईचं सोड. गंडसूचा आवाज कसा होता, असं मी विचारलं. भूतबीत काही म्हणाली असती तर मी हसले असते. ती म्हणाली, "तुझ्या बाबांच्यासारखाच होते की." आणि मग चौघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या ना, की मला जमिनीत जावंसं वाटलं. त्यांना काय काय वाटलं असेल, बाबा! मला रात्रभर झोप नाही.

आई : सांगून टाका आता.

बाबा : सुचेता...

आई : सांगा. त्या पोरींनी काय समजायचं? तिनं काय समजायचं?

आसावरी : तुलापण माहितीये?

बाबा : तो मी नव्हतो. म्हणजे मीच होतो, पण मी नव्हतो. कॅसेट आहे ती.

आसावरी : कसली कॅसेट?

बाबा : घाबरण्यासारखं काही नाही. सिंगापूरहून आणलेला तो छोटा टेपरेकॉर्डर आहे ना, तो तुझ्या पलंगाखाली बुटांच्या खोक्यात असतो. तू झोपलीस की मी येतो, बटण दाबतो आणि जातो. अर्ध्या तासाची बाजू. आवाज अगदी बारीक. जागं माणूस मुद्दाम कान लावेल तरच ऐकू येईल इतका.

आसावरी : कधीपासून?

बाबा : तुझ्या सहामाहीचे मार्क आले ना, तेव्हापासून.

आसावरी : डिसेंबर! आता जून आहे!

बाबा : अगं, आमच्या होसकोटेच्या फॅक्टरीत एक शिबिर झालं होतं. मद्रासहून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी सांगितलं, जागेपणी मन वाद घालतं, झोपेत घालत नाही. झोपेत सांगितलेलं थेट आत जातं. आमच्या कॉम्प्युटरसारखंच. दिवसा माणसं वापरत असतात म्हणून आम्ही सिस्टिमची कामं रात्री करतो, तसंच.

आसावरी : मी सिस्टिम आहे?

बाबा : उदाहरण दिलं गं.

आसावरी : आणि काय काय "आत" घातलंत माझ्या?

बाबा : चांगलंच. वाईट कशाला घालीन? की तू हुशार आहेस. तुला कुणाची भीती वाटत नाही. तुला गणित आवडतं. असंच.

आसावरी : "असंच" म्हणजे अजून आहे.

बाबा : की तुला इंजिनियर व्हायचंय.

आसावरी : आई, पोहे उचल. मला नकोत.

आई : दोन घास तरी—

आसावरी : नकोत! बाबा, फेब्रुवारीत मी तुम्हाला काय सांगितलं होतं? इथेच, याच खुर्चीत बसून? बाबा, मी ठरवलंय, मला वकील नाही व्हायचं, मला इंजिनियर व्हायचंय. आणि तुम्ही काय केलंत? डोळे मोठे केलेत! "अरे वा, हे कधी ठरवलंस, तुझं तू ठरवलंस?" असं विचारलंत मला. तुझं तू ठरवलंस!

बाबा : मला खरंच आनंद झाला होता.

आसावरी : होणारच! कॅसेट चालली म्हणून!

आई : हळू बोल. खाली घरमालकीणबाई असतात.

आसावरी : असू देत. त्यांना मराठी कळत नाही. आणि दुसरं? "तुला कुणाची भीती वाटत नाही"? म्हणजे मी मार्चमध्ये कंडक्टरशी भांडले, सगळ्या बससमोर, उरलेले पैसे देत नव्हता म्हणून, ते कोण भांडलं? मी की तुम्ही? शाळेच्या निरोपसमारंभात मी कागद न बघता बोलले. गेल्या वर्षापर्यंत मला वर्गात उभं केलं तरी पाय कापायचे. मला वाटलं, मी बदलले. मी आरशात बघून स्वतःला शाबासकी दिलीय, बाबा. कुणाला दिली मी शाबासकी?

बाबा : तूच बदललीस. कॅसेटनं फक्त हात दिला.

आसावरी : तुम्हाला कसं माहीत? बरोबर, तुम्हालाही माहीत नाही! कुणालाच कळणार नाही आता. मला भेंडी आवडायला लागली, तीसुद्धा तुमचीच का?

आई : भेंडी नाही घातली गं कुणी.

आसावरी : हसू नको, आई. मी हसवायला नाही बोलत.

आई : नाही हसत.

आसावरी : एकोणीसशे शहाण्णव साल उजाडलं, आख्ख्या जे. पी. नगरात केबल आली, आपल्याकडे नाही. का? बाबा म्हणतात, डोकं म्हणजे धर्मशाळा नाही, वाटेल त्यानं यावं आणि मुक्काम ठोकावा. मी ऐकलं. साप्ताहिक आलं की आई आधी चाळणार, सिनेमाची पानं काढून घेणार, मग मला देणार. मी कधी तक्रार केली? लायब्ररीतलं पुस्तकही तू आधी वाचतेस. वर्गातल्या मुली मला हसतात, मी त्यांना तुमचीच वाक्यं ऐकवते. मनात काय घ्यायचं ते बघून घ्यावं. दारात पहारेकरी बसवावा. आणि तुम्ही? पहारेकऱ्याला झोपवून मागच्या दारानं आत!

बाबा : चांगलं घेऊन आलो होतो ना पण.

आसावरी : चांगलं होतं तर समोरून का नाही आलात?

बाबा : समोरून सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?

आसावरी : नसतं ऐकलं. तोच तर मुद्दा आहे!

आई : झालं. आता तिला कळलंय. आजपासून बंद. विषय संपला.

आसावरी : संपला? मला ऐकायचीये ती कॅसेट.

आई : कशाला?

आसावरी : सहा महिने मी ऐकलीये. एकदा जागेपणी नको का?

आई : अगं, बाबांनी सांगितलं ना काय आहे ते. उगाच त्रास करून घेशील. आणि नाही तरी त्यातले सेल संपलेत.

बाबा : परवाच तर नवीन घातले मी. थांब, आणतो. ऐकू दे तिला, सुचेता. लपवण्यासारखं काही नाही त्यात. ऐकलंस की तुझं तुलाच कळेल, आसावरी, किती साधं आहे सगळं.

आई : अहो, नको म्हणतेय ना मी.

आसावरी : आई, तू एवढी का घाबरतेस? आवाज बाबांचा आहे. तुझा काय संबंध?

आई : माझा काय संबंध? काही नाही.

(बुटांचं खोकं टेबलावर. बटण दाबल्याचा आवाज, मग जरा वेळ नुसती खरखर.)

टेप : आसावरी, तू शांत झोपली आहेस. तुझे हातपाय सैल आहेत. तू हुशार मुलगी आहेस...

आसावरी : अय्यो.

टेप : तुला कुणाची भीती वाटत नाही. तू सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलतेस. तुला गणित आवडतं. आकडे तुझे मित्र आहेत...

आसावरी : "आकडे तुझे मित्र आहेत"! हे मी भव्याला म्हणाले होते! जसंच्या तसं! आकडे माझे मित्र आहेत गं, असं म्हणाले मी. ती म्हणाली, असलं कसलं बोलतेस, माझ्या मित्रांत तर सातसुद्धा नाही.

बाबा : बघ, किती छान—

आसावरी : छान? पुढचं ऐकू द्या.

टेप : तुला मोठं इंजिनियर व्हायचं आहे. तुझं तू ठरवलं आहेस...

आसावरी : काय? "तुझं तू ठरवलं आहेस"? हेसुद्धा तुम्ही घातलंत? मी माझं ठरवलं, असं मला वाटणं, तेसुद्धा?

बाबा : ते... ते तज्ज्ञांनीच सांगितलं होतं. त्याशिवाय मन स्वीकारत नाही म्हणे.

आसावरी : पळवा पुढे. मला सगळं ऐकायचंय.

बाबा : पुढे तेच तेच आहे. दहा वेळा.

आसावरी : पळवा तरी.

आई : बास ना आता. ऐकलंस ना? बंद करा ते.

आसावरी : थांब, आई. मला एक कळलंय. सांगते. इंजिनियर तुमचा, बाबा. गणित तुमचं. मोठ्यानं बोलणं अर्धं तुमचं, अर्धं माझं, ते मी नंतर बघीन. पण एक गोष्ट आहे जी माझी आहे. शंभर टक्के माझी. कारण तुम्ही ती कधीच कॅसेटवर घालणार नाही. तुम्हाला नकोच आहे ती.

बाबा : कोणती?

आसावरी : पुणं.

आई : आसावरी, पोहे गरम करून देते, चल आत.

आसावरी : मी गेले चार महिने रोज म्हणतेय ना, मला पुण्याला परत जायचंय, अकरावी तिथेच करायचीये. तुम्ही म्हणता, इथे सगळं चांगलं आहे. हवा चांगली, नोकरी चांगली. पण मला ती गच्ची आठवते, बाबा. संध्याकाळी फरशीवर पाणी मारायचं, वाफ यायची. मग गाद्या. आधी गादी गरम लागायची, मग हळूहळू गार. आणि समोरच्या घरात कुणीतरी पेटी वाजवायचं, त्या पेटीचा एक सूर अडकायचा. वाजवत वाजवत तिथे आलं की सगळे श्वास धरायचे. ही माझी आठवण आहे. माझी स्वतःची. हिला कोणी तज्ज्ञ हात लावू शकत नाही.

बाबा : तू ते मागच्या महिन्यात सांगितलंस ना, जेवताना... तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हापासून माझंही मन—

आई : बंद करा हो तो टेप! किती वेळ सांगतेय!

बाबा : अगं, पळवला ना, संपलाच आहे. शेवट आलाय. हा बघ. खट्. बंद झाला.

आसावरी : चाक फिरतंय अजून.

बाबा : कुठे? हो की. हा फिरतोय कसा?

आई : दुसरी बाजू लागते. आपोआप.

बाबा : आपोआप?

आई : तुम्ही बटण दाबून झोपायला जात होतात. तुम्हाला कसं कळणार? द्या इकडे तो.

आसावरी : नको. राहू दे.

टेप : ...झोपलीस ना, बाळा? मी आहे. आई.

बाबा : सुचेता!

टेप : आज काय सांगू? आमच्या गच्चीचं सांगते. उन्हाळ्यात संध्याकाळी आम्ही बहिणी फरशीवर पाणी मारायचो. वाफ यायची. मग गाद्या घालायच्या. आधी गादी तापलेली लागायची, मग हळूहळू गार व्हायची. समोर एक गृहस्थ पेटी वाजवायचे. त्या पेटीचा एक सूर अडकायचा...

आसावरी : नाही. नाही नाही. आई, हे मी तुला सांगितलं असेल. माझ्याकडून ऐकून तू...

आई : नाही गं.

आसावरी : मग तू मला लहानपणी सांगितलं असशील. जागेपणी. गोष्ट म्हणून.

आई : जागेपणी कधीच नाही सांगितलं. कुणालाच नाही.

आसावरी : पण मी होते तिथे! मी त्या गादीवर झोपलेय! मी सहा-सात वर्षांची होते, माझ्या अंगात निळा फ्रॉक होता!

आई : आसावरी, ते माझ्या माहेरचं घर. तू व्हायच्या आधी दोन वर्षं ते पाडलं. तिथे आता चार मजली इमारत आहे. तू ती गच्ची पाहिलेलीच नाहीस.

आसावरी : मी पेटी ऐकलीये!

आई : नाही ऐकलीस, बाळा.

आसावरी : मला ऐकू येतेय. आत्तासुद्धा. आई, आत्तासुद्धा मला ऐकू येतेय!

टेप : ...तू बाबांना सांग हं. तू सांगितलंस तर ते ऐकतील. आपण परत जाऊ. तुला पुण्यालाच जायचं आहे. तुला पुणं आठवतं...

बाबा : बंद कर. आसावरी, बंद कर तो. मला नाही ऐकवत.

आसावरी : घ्या. केला बंद.

बाबा : सुचेता, तू? कधी केलंस हे?

आई : जानेवारीत. दुपारी, घरात कोणी नसताना.

बाबा : पण का?

आई : पहिल्याच आठवड्यात मला कळलं होतं, दुसरी बाजू वाजते म्हणून. कोरी बाजू अर्धा तास नुसतीच सूं करत वाजायची. मी पांघरूण सारखं करायला जायचे, तेव्हा ऐकू यायची. वाटलं, वायाच चाललीये. एक दिवस बोलले त्यात. पहिल्यांदा तर तिच्या मनात काही घालावं म्हणूनही बोलले नव्हते. नुसती बोलले. मराठीत. इतकं बरं वाटलं.

बाबा : मग मला सांगायचंस ना, की तुला परत जायचंय!

आई : सांगितलं होतं. आलो त्या वर्षी. तुम्ही म्हणालात, सवय होईल. नंतर पुन्हा सांगितलं, माझी बँक अजून मला कामावर परत घ्यायला तयार होती तेव्हा. तुम्ही म्हणालात, सुचेता, इथली हवा बघ. मी हवा बघितली. तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

बाबा : मला आठवतही नाही.

आई : माहितीये. म्हणून तर नाही सांगितलं. भाजीवाल्याशी सरी, रिक्षावाल्याशी सरी, घरमालकीणबाईंशी सरी. दिवसभर मी सगळ्याला फक्त सरी म्हणते, बरं, ठीक आहे. तुमच्याशीही.

आसावरी : आणि मी? मी तुझी काय होते, पोस्टाची पेटी? बाबांना पोचवायचं ते माझ्यात टाकायचं?

आई : तसं नव्हतं गं मनात.

आसावरी : तसंच झालं पण! बाबा ढकलतात इंजिनियर, तू ढकलतेस पुणं, एकाच कॅसेटच्या दोन बाजू, आणि मधे मी घोरतेय! दोघांनी मिळून ठरवून तरी करायचंत!

बाबा : थांब, आसावरी. जरा थांब. मला बसू दे.

आई : काय होतंय?

बाबा : काही होत नाहीये. सुचेता, मी शुक्रवारी राजीनामा दिला.

आई : कशाचा?

बाबा : नोकरीचा. पुण्यात जुन्या कंपनीला फोन केला होता. या म्हणाले. पद खालचं आहे, पण या म्हणाले. आज दुपारी सांगणार होतो दोघींना. येताना श्रीखंड आणणार होतो. उद्या शाळेतून हिचा दाखला काढायचा, असं ठरवलं होतं.

आई : न विचारता?

बाबा : विचारायचं काय? पोरगी रोज पुणं पुणं करते. त्या दिवशी गच्चीचं सांगताना रडली. मला वाटलं, हिच्या मनात एवढं आहे आणि आपण हवा हवा करत बसलोय. मला इथेच राहायचं होतं. होसकोटेला माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत. पण म्हटलं, मुलीचं मन आहे.

आई : देवा.

बाबा : मुलीचं मन नव्हतंच ते.

आई : अहो, मला हे असं नको होतं. खरंच नको होतं. मला वाटलं, ती हट्ट करील, तुम्ही जरा विचार कराल, एखादेवेळी मला विचाराल...

बाबा : तुझं खरं ठरलं, म्हणजे. कॅसेट चालली.

आई : नका असं बोलू.

आसावरी : राजीनामा परत घेता येतो का?

बाबा : साहेब म्हणाले, विलास, पंधरा दिवस माझ्या टेबलावरच ठेवतो. पुढे पाठवत नाही. नीट विचार कर.

आई : मग उद्याच्या उद्या जाऊन परत घ्या.

बाबा : आणि तू पुढची वीस वर्षं सरी म्हणत बस?

आई : मग नका घेऊ परत.

बाबा : आणि ही? हिला पुण्याला जायचंय की नाही, तेच आता कुणाला माहीत नाही! आसावरी, तू सांग. तू जे म्हणशील ते. तुझ्यावर सोडतो.

आई : हो, तूच सांग. तू म्हणशील तसं करू.

आसावरी : अय्यो, तुम्ही दोघं किती भारी आहात! सहा महिने माझ्या डोक्यात बसून तुम्हीच बोलताय आणि आता मलाच विचारताय, बोल, तुला काय वाटतं!

बाबा : मग आम्ही करायचं तरी काय?

आसावरी : गप्प बसायचं. जरा वेळ. मला बघू दे.

आई : काय बघतेस?

आसावरी : आत. कोण कोण बसलंय ते बघतेय. पुणं म्हटलं की अजून ती पेटीच ऐकू येते. इंजिनियर म्हटलं की छातीत बरं वाटतं. वकील म्हटलं की काहीच वाटत नाही, रिकामं. पण हे रिकामं माझं आहे की तुम्ही तिथून काही उचलून नेलंत, तेही कळत नाही. घर तेच आहे, पण खुर्च्या कुणी हलवल्यात कळत नाही, तसं वाटतंय. भयानक आहे हे, बाबा. तुम्हाला कळतंय का किती भयानक आहे?

बाबा : कळतंय.

आसावरी : तुम्ही "कळतंय" म्हणालात ते मला पटावं म्हणून, की कळलं म्हणून?

बाबा : कळलं म्हणून. माझ्या मनात तुझ्या तोंडून जे गेलं, तेही माझं नव्हतंच की. मीही आख्खी नोकरी देऊन बसलो.

आई : मी माफी मागू का तुझी?

आसावरी : आज नको. आज मागितलीस तर मी लगेच देऊन टाकीन आणि मग मला कळणार नाही की ती मी दिली का. ऐका दोघं. मी ठरवलंय.

बाबा : काय ठरवलंयस?

आसावरी : उद्या दाखला काढायचा नाही. उद्या शाळेत सायन्सही सांगायचं नाही आणि आर्ट्सही नाही. शाळेनं पंधरा तारखेपर्यंत वेळ दिलाय, तेवढा मी सगळा घेणार. आजपासून रात्री मी माझ्या खोलीला आतून कडी लावून झोपणार.

आई : कडी? रात्री तुला काही झालं तर?

आसावरी : काही झालं तर ओरडेन. मोठ्यानं बोलता येतं मला, कुणामुळे येईना का. मला जे सांगायचंय ते दिवसा सांगायचं, तोंडासमोर आणि मला "नाही" म्हणता येईल इतक्या मोठ्या आवाजात. कडीआड तेवढ्या रात्री काढल्यावर डोक्यात जे उरेल, त्याच्यावरून मी ठरवीन. पुणं उरलं तर पुणं. इंजिनियर उरला तर इंजिनियर. काहीच नाही उरलं तर नवीन शोधीन. पण ते मी जागेपणी शोधीन.

बाबा : आणि माझा राजीनामा?

आसावरी : तो माझ्यावर नाही सोडायचा. तो तुमचा आहे.

आई : ही कॅसेट टाकून देऊ ना मी? आत्ताच्या आत्ता, बंबात घालते.

आसावरी : जाळू नको. त्यातली गच्ची चांगली आहे. इतकी चांगली, की मी तुझ्याकडून चोरली. पण ती तुझी आहे, आई. मला नकोय. परत घे.

आई : घेते.

बाबा : आसावरी, निदान पोहे तरी खाऊन जा. कुठे निघालीस?

आसावरी : चप्पल घालतेय. भव्याकडे चाललेय, ती बाईचं खरं सांगत होती, तेवढं तिला सांगून येते. दुपारी जेवायला येईन. आणि आई, पुण्याचं बाबांना तूच सांग. ते जागे आहेत.